आगोटीआधीची घरं : फुलपाड्याचा मागोवा

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात थंडीसाठी घराला फारसं काही करावं लागत नाही. पापडखिंड धरणाकडून येणाऱ्या पहाटवाऱ्याला एक गोधडी पुरते. इथे घराचा कस लागतो तो पावसात. पण त्या पावसाच्या तयारीची सुरुवात हिवाळ्यातच व्हायची. भाताची झोडणी उरकली की पेंढा खळ्याच्या कडेला नीट रचून ठेवत; गुरांना घालून उरलेला उन्हाळ्याच्या शेवटी छपरावर चढे. वारली आणि मल्हार कोळ्यांच्या घरांना कारवीचे कूड असत, वर शेणमातीचा गिलावा. नैऋत्येचा मारा बसणाऱ्या बाजूला झावळ्यांची झापं बांधली की आगोटीआधीचं, म्हणजे पाऊस लागण्याआधीचं, मोठं काम संपे.

कौलारू घरांत मे महिना कौलं चाळण्याचा. एक जण वाशांवर आडवी शिडी टाकून वर, दुसरा खाली, हातोहात कौलं उतरायची. खालचा माणूस प्रत्येक कौल झटकून बोटाच्या पेराने वाजवून बघे. खणखणीत वाजलं तर परत छपरावर. बद्द आवाज आला तर बारीक तडा आहे असं समजून बाजूला. वर्षभर मांजरांनी सरकवलेली नळीची कौलं जागेवर येत, कुजलेली रीप बदलली जाई, वाळवी लागलेला वासा दिसे. कौल काढल्याशिवाय वासा दिसत नाही. म्हणून या कामाचं मोल मला गळती थांबवण्यापेक्षाही त्या निमित्ताने होणाऱ्या तपासणीत वाटतं. घराचा सांगाडा वर्षातून एकदा घरच्याच माणसाच्या नजरेखालून जात होता.

१९९० मध्ये वसई-विरार भागासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच्या आगेमागे इमारती आणि चाळी झपाट्याने वाढल्या. चाळींवर सिमेंटचे पत्रे आले. ते चाळावे लागत नाहीत, पण बोल्टच्या भोकातून ठिबकतात. मग डांबर, मग निळी ताडपत्री, तिच्यावर दगड नाहीतर जुने टायर.

इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्याला भेगा पडल्या की पाणी वरच्या मजल्याच्या छतात झिरपतं. बहुतेक सोसायट्यांनी शेवटी लोखंडी सांगाड्यावर पत्र्याची शेड चढवली. गळती थांबली हे खरं. पण बाहेरच्या भिंतींवर, सज्जांवर, शौचालयांच्या पाइपांभोवती पाणी मुरतच राहतं. ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजून फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. खारी हवा या कामाला हातभार लावते. आधी केसाएवढी उभी चीर दिसते, मग पोपडे. रंगकाम केलं की दोन्ही झाकली जातात.

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणेश चतुर्थीच्या तोंडावर, विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. १७ माणसं गेली. इमारत अनधिकृत होती. स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं होतं ते ३० वर्षं उलटल्यावर. ही इमारत त्याच्या निम्म्या वयाचीही नव्हती. बांधकामच निकृष्ट असेल तर गच्चीची डागडुजी काय करणार, हे मान्य. तरीही चीर रुंदावते आहे की तशीच आहे, हे दरवर्षी कुणीतरी पाहायलाच हवं, आणि त्यासाठी ३० वर्षांची वाट पाहणं मला धोक्याचं वाटतं.

सोसायटीच्या सभेत गळतीचा विषय अजूनही मेमध्ये निघतो. तेव्हा मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर घाईत करतो, आणि नवा गिलावा पुरता मुरायच्या आत पाऊस येतो. ही कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत व्हायला हवीत. भिंत तोवर सुकलेली असते आणि सिमेंटला पाणी मारलं तर ते लगेच उडून जात नाही. अडचण एकच, की हिवाळ्यात ओल दिसत नाही. म्हणून भर पावसात, ऑगस्टमध्येच, ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. चिरीच्या दोन्ही टोकांनाही तशीच खूण करावी. दिवाळीनंतर मिस्त्री आला की त्याला जागा दाखवता येते, आणि पुढच्या पावसात चीर रेघेच्या बाहेर गेली का तेही कळतं.