उभ्या ग्रंथगाडीची नोंद कुठे करायची?

शाखेची इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली. ग्रंथालयाने फिरती गाडी आणून आवारात उभी केली आणि देवघेव चालू ठेवली. रोज तीच जागा, त्याच वेळा, तोच कर्मचारी. मग ही गाडी शाखा झाली का?

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या राष्ट्रीय पाहणीत याचे उत्तर नियमाने ठरलेले आहे. ही पाहणी 1988पासून दरवर्षी होते आणि सुमारे 9 हजार ग्रंथालय-संस्था तिच्यात माहिती भरतात. शाखा म्हणवून घ्यायला स्वतंत्र जागा, रीतसर लावलेला संग्रह, पगारी कर्मचारी आणि ठरलेल्या वेळा लागतात. फिरत्या वाचनालयालाही यातल्या शेवटच्या तीन अटी आहेतच. फक्त जागेऐवजी ट्रक किंवा व्हॅन. मोजायच्या त्या गाड्या, थांबे नव्हेत. एक गाडी वीस गावांत थांबली तरी नोंद एकच. सेवेचे तासही दार वाचकांसाठी उघडे असेल तेवढेच धरायचे. रस्त्यात गेलेला वेळ त्यात येत नाही.

हा नियम गाडी फिरणार असे गृहीत धरतो, आणि त्याला इतिहास आहे. मेरिलँडमधल्या हेगर्सटाउनच्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब आधी दुकानांत आणि पोस्टांत पुस्तकांच्या पेट्या ठेवत. तरीही दूरच्या शेतकऱ्यांपर्यंत पुस्तके पोचेनात, म्हणून 1905 साली त्यांनी घोड्यांची ग्रंथगाडी सुरू केली. गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून उघडणारी फडताळे होती, मधल्या भागात पेट्या. जोशुआ थॉमस ती हाकत शेतघराच्या दारात नेत. 1910 मध्ये रेल्वे फाटकावर मालगाडीच्या धडकेत ती मोडली. 1912 साली तिच्या जागी मोटार आली.

मग उभ्या गाडीला शाखेच्या रकान्यात बसवावे का? बसवू नये. काम तेच होते, हे खरे. पण गाडीत चार मुले मांडी घालून वाचू शकत नाहीत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला टेबल मिळत नाही. कागदावर शाखा कायम दिसली, की इमारतीचा पाठपुरावा थंडावतो. नोंदीवर पैसा कसा अवलंबून असतो हे महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांना सांगायला नको. इथल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे अनुदान अ, ब, क, ड या वर्गांवरून ठरते.

मात्र ‘एक गाडी’ एवढ्यावर भागवणेही अन्यायाचे आहे. रोज दार उघडणाऱ्या कर्मचाऱ्याची मेहनत आणि तिथे येणारे वाचक त्या आकड्यात दिसत नाहीत. गाडी गाडीच राहू द्यावी; तिच्या नोंदीपुढे ती कुठल्या पत्त्यावर, किती महिने उभी आहे आणि कुठल्या बंद शाखेचे काम करते आहे, एवढे लिहावे. तासांचा रकाना पाहणीच्या अर्जात आहेच.