बंगल्याचं स्वयंपाकघर कुठे आहे?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि आमच्या न्हावा शेव्याच्या आसपास, उलवे-द्रोणागिरीकडे, नव्या घरांच्या जाहिरातींना अगदी ऊत आला. या जाहिरातींत इंग्लंडातल्या बड्या जमीनदारांच्या हवेल्यांचा थाट हमखास असतो. दारापुढे खांबांचा पोर्च, कमानींची रांग, कोपऱ्यात उगाच एक मनोरा! चित्र बघून जीव हरखतो, खोटं कशाला सांगू? पण मैत्रिणींनो, त्या चित्रात एक जागा कधीच दिसत नाही. ती म्हणजे स्वयंपाकघर. आणि आपला अर्धा जन्म तर तिथेच जातो!

असल्या हवेलीचा एक अस्सल नमुना आपल्या महाराष्ट्रात आहे, बरं का. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाची मुख्य इमारत. मुलांच्या प्रवेशाच्या निमित्ताने तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे जाऊन आल्या असतील. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. त्याआधी हे गणेशखिंडीतलं ‘गव्हर्नमेंट हाउस’ होतं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला येई, त्याच्यासाठी बांधलेलं. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये पुरं झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुशिल्पकाराचा. खर्च इतका हाताबाहेर गेला, की थेट विलायतेच्या पार्लमेंटात त्यावर टीका झाली. घर बांधताना अंदाजपत्रक कोलमडणं हे काही आपल्याच नशिबी असतं असं नाही!

या घराची वंशावळ मोठी गमतीची आहे. ट्रबशॉच्या डोळ्यांपुढे होतं ‘ऑस्बोर्न हाउस’, व्हिक्टोरिया राणीचं आवडतं घर. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथे राणीचा नवरा प्रिन्स आल्बर्ट याने थॉमस क्युबिट या बांधकाम व्यावसायिकाला हाताशी धरून १८४५ ते १८५१ या काळात ते उभारलं. समोरचा समुद्र पाहून आल्बर्टला इटलीतल्या नेपल्सच्या उपसागराची आठवण झाली, म्हणून घरही इटालियन वळणाचं, उंच मनोऱ्यांचं. म्हणजे इटलीची ढब इंग्लंडात गेली आणि तिथून थेट आपल्या गणेशखिंडीत येऊन काळ्या दगडात उभी राहिली.

मनोरा, कमानी, दरबाराचं दालन यांचं कौतुक सगळेच करतात. पण मला अधिक कुतूहल वाटतं ते जमिनीखालच्या बोगद्याचं. गव्हर्नरचं स्वयंपाकघर मुख्य इमारतीत नव्हतंच! ते वेगळ्या इमारतीत होतं आणि दोन्ही इमारतींना जोडणारा एक भुयारी रस्ता होता. नोकरांनी त्यातून जेवण घेऊन यायचं आणि पाहुण्यांसमोर वाढायचं. पाहुण्यांना ना फोडणीचा वास, ना भांड्यांचा आवाज.

ही काही एकट्या ट्रबशॉची लहर नव्हे. त्या काळी इंग्लंडातल्या मोठ्या घरांचा तसा रिवाजच होता. रॉबर्ट कर नावाच्या वास्तुशिल्पकाराने सभ्य गृहस्थाचं घर कसं असावं यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तोही नेमका १८६४ सालीच. त्याचं सांगणं असं, की मालक मंडळी आणि नोकर मंडळी यांची एकमेकांना चाहूलसुद्धा लागता कामा नये. त्यासाठी वेगळे जिने, वेगळी दारं, लांबलचक बोळ. आपल्याकडे साहेबाच्या साध्या बंगल्यातही बावर्चीखाना आवाराच्या कडेलाच असायचा. आगीचं आणि उकाड्याचं कारण त्यात होतंच. पण रांधणारा माणूस नजरेआड राहावा, हेही होतं.

२२ जून १८९७ च्या रात्री या गणेशखिंडीच्या घरी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव साजरा झाला. तिथून परत निघालेल्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपल्या पोरांना पाठ असतो. मीही शाळेत तो शिकवते. पण त्या रात्री चुलाण्यापुढे घाम गाळत कोण उभं होतं, त्यांची नावं कोणत्या पुस्तकात सापडणार?

आता म्हणाल, हे साहेबाचं झालं. आपल्या घरांचं काय? खरं सांगू का, आपणही फार वेगळं केलं नाही. आमच्या उरण भागातल्या जुन्या घरांत पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि सगळ्यात मागे चुलीची अंधारी खोली. ओटीवर वारा, चुलीपाशी धूर! सासूबाई सांगतात, पुरुषांच्या पंगती उठेपर्यंत बायकांना बाहेर काय बोलणं चाललंय ते कळायचंही नाही. बोगदा नव्हता एवढंच, पण पडदा होताच की.

गंमत पाहा, ज्या ऑस्बोर्नचं अनुकरण झालं, तिथेच एक वेगळं उदाहरणही आहे. बागेत १८५३-५४ मध्ये मुलांसाठी ‘स्विस कॉटेज’ नावाचं लाकडी घर बांधलं गेलं. त्यात राजकन्यांना स्वयंपाक शिकण्यासाठी खरंखुरं स्वयंपाकघर होतं. स्वतः केलेले पदार्थ मुलं आईवडिलांना वाढत आणि बागेत भाजीही पिकवत. म्हणजे रांधणं हे कमीपणाचं काम नव्हे, हे राणीलाही पटलं होतं. फक्त मोठ्या घरात ते झाकायचं असे!

म्हणून सांगते, नवीन घर बघायला जाल तेव्हा पोर्च आणि दिवाणखाना बघून भुलू नका. आधी स्वयंपाकघरात जा.

खिडकी थेट बाहेर उघडते की कोंदट डक्टमध्ये, ते पाहा. पंख्याने बाहेर फेकलेला धूर परत कुणाच्या खोलीत शिरतो का, ते विचारा. ओट्याशी उभं राहा; ओटा आपल्या कोपरापेक्षा चार बोटं खाली असेल, तर पाठ दुखत नाही. पाण्याचा नळ, शेगडी आणि फ्रीज यांच्यामध्ये किती पावलं पडतात, ती मोजा. रोजची शंभर पावलं वाचली तरी वर्षाकाठी किती होतात, हिशेब करा! आणि मुख्य म्हणजे, पोळ्या लाटताना बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसांशी आपल्याला बोलता येईल का, हे बघा. फोडणीचा ठसका नको असेल, तर मध्ये सरकती काच घाला, पण भिंत नको.

हे सगळं पाहायला एकट्या जाऊ नका. घरातल्या पुरुषमंडळींनाही सोबत न्या आणि भर दुपारी दहा मिनिटं त्या ओट्याशी उभं करा. कोणतं घर घ्यायचं याची चर्चा मग पोर्चवर अडून राहणार नाही.