जर्मन ताटासमोर बसवनगुडी : काय ओळखीचे, काय विचारून घ्यायचे

बंगळुरू : बसवनगुडीच्या गांधी बाजारातील विद्यार्थी भवनात गर्दीच्या वेळी डोसा खायचा, तर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसण्याची तयारी ठेवावी लागते. १९४३ साली सुरू झालेल्या या उपाहारगृहातील हा शिरस्ता जर्मनीतील जुन्या वळणाच्या साध्या खानावळींतही आढळतो. रिकामी खुर्ची दिसली की आधी बसलेल्यांना विचारायचे आणि त्यांच्या शेजारी बसायचे. दाक्षिणात्य शाकाहाराचे माहेरघर मानली जाणारी ही वसाहत आणि जर्मन भोजनगृह यांत अंतर मोठे असले, तरी ओळखीच्या खुणाही बऱ्याच आहेत.

या खुणा जाणून घेण्याला आज व्यावहारिक महत्त्व आले आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील उच्च शिक्षण संस्थांमध्ये ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. शाकाहारी घरातून गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा अनेकदा वर्गाआधी भोजनगृहातच होते.

या परिसराचा जर्मनीशी संबंध जुना आहे. बसवनगुडीला लागून असलेल्या लालबागेची धुरा १९०८ मध्ये गुस्ताव हर्मन कृंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाकडे आली. त्याआधी, १८९३ पासून, ते बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत होते. १९५६ मध्ये बंगळुरूतच त्यांचे निधन झाले. लालबागेजवळचा कृंबिगल रस्ता त्यांचे नाव आजही सांगतो.

आंबवण्याचे नाते

जर्मन ताटातील सर्वांत प्रसिद्ध भाजी म्हणजे झाउअरक्राउट, अर्थात आंबवलेली कोबी. बारीक चिरलेल्या कोबीला सुमारे दोन टक्के मीठ चोळून ती स्वतःच्याच पाण्यात दाबून ठेवली जाते. काही आठवड्यांत तिला आंबटपणा येतो. ही प्रक्रिया सुरू करणारा ‘ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस’ हा जिवाणू इडलीच्या पिठातही असतो. त्यानेच निर्माण केलेल्या वायूमुळे रात्रभरात पीठ फुगते. राय या धान्याच्या काळपट जर्मन पावाची आंबट चवही अशाच जिवाणूंची देणगी आहे. इडली-डोशावर वाढलेल्या जिभेला ही चव परकी वाटण्याचे कारण नाही.

नवलकोलाचेही तसेच. कन्नडमध्ये ‘नविलुकोसु’ म्हणून ओळखली जाणारी ही भाजी बंगळुरूच्या सांबारात आणि पल्यात नित्याची आहे. जर्मन भाषेत ती ‘कोलराबी’ असून तेथे ती कच्ची किंवा पांढऱ्या सॉसमध्ये शिजवून खातात. किसलेल्या बटाट्याची ‘कार्टोफेलपुफर’ ही तळलेली धिरडी पाहून मराठी माणसाला बटाट्याचे थालीपीठ आठवेल. फरक इतकाच की ती सफरचंदाच्या गोड सॉसबरोबर वाढतात.

दिसते शाकाहारी, पण...

खरी अडचण नजरेआड असलेल्या घटकांची असते. झाउअरक्राउट शिजवताना त्यात अनेकदा डुकराची चरबी किंवा ‘श्पेक’ म्हणजे खारवलेल्या मांसाचे तुकडे घालतात. भाज्यांचे सूप मांसाच्या रश्शावर बेतलेले असू शकते. चीज घातलेल्या ‘श्पेट्झले’ या शेवयांत मांस नसले तरी त्यांच्या पिठात अंडे असतेच. पावाच्या ‘क्नोडेल’ गोळ्यांत आणि कार्टोफेलपुफरमध्येही ते बहुधा असते. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत मिळणारा पांढरा शतावरीचा कोंब, म्हणजे ‘श्पार्गेल’, उकडलेल्या बटाट्यांसह उत्तम लागतो. परंतु त्यावरील हॉलंडेज सॉस अंड्याच्या बलकाचा असतो. तो नको असल्यास वितळलेले लोणी मागता येते.

भारतात वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर दिसणारा हिरवा ठिपका तेथे सक्तीचा नाही. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय महासंघाच्या नियमानुसार भोजनगृहांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. म्हणूनच मेन्यूवर पदार्थांपुढे बारीक अक्षरे किंवा आकडे छापलेले दिसतात. अंडे, दूध आणि मासे त्या यादीत आहेत. मांस, प्राणिज चरबी आणि जिलेटिन मात्र नाहीत. त्यामुळे मेन्यू वाचून अंड्याचा उलगडा होतो, चरबीचा होत नाही. तेवढ्यासाठी तीन शब्दप्रयोग पाठ असावेत : ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाविना, ‘ओने श्पेक’ म्हणजे खारवलेल्या मांसाविना आणि ‘ओने आय’ म्हणजे अंड्याविना.

टेबलावरचे रिवाज

बसवनगुडीत ग्राहक बसताच पाण्याचा पेला समोर येतो. जर्मनीत पाणी मागवावे लागते, त्याचे पैसे पडतात आणि ते बरेचदा सोड्यासारखे फसफसते. साधे पाणी हवे असल्यास ‘श्टिलेस वासर’ म्हणावे. मद्य न घेणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे ‘आपफेलशोर्ले’ जवळजवळ सर्वत्र मिळते. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेले टेबल नेहमीच्या मंडळींसाठी राखीव असते. तेथे बसू नये. विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असते, त्याचप्रमाणे अनेक जर्मन खानावळीही आठवड्यातून एक दिवस ‘रुहेटाग’ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळतात.

बिल देताना ‘एकत्र की वेगवेगळे’ असे विचारले जाते आणि प्रत्येकाने आपापले देण्यात कोणाला संकोच वाटत नाही. बक्षिसी साधारण पाच ते दहा टक्के. ती टेबलावर ठेवून न जाता पैसे देतानाच एकूण रक्कम सांगायची असते. बिल १८ युरो ६० सेंटचे असेल, तर ‘२०’ म्हटले की पुरे.

स्वयंपाकघरात काय चालते हे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, याचा दाखला याच परिसरात आहे. लालबाग रस्त्यावरील मावळ्ळी टिफिन रूम्स अर्थात ‘एमटीआर’चे एक संस्थापक यज्ञनारायण मैया १९५१ मध्ये युरोपला गेले होते. तेथील भोजनगृहांची स्वच्छता त्यांच्या मनात ठसली. परतल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत आणली. ग्राहकांना स्वयंपाकघर पाहू देण्याची प्रथाही एमटीआरने जोपासली. युरोपातील भोजनगृहांकडे मैया यांनी ज्या चौकस नजरेने पाहिले, तीच आज बसवनगुडीहून जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याच्या कामी येईल. ताटात काय आहे हे ऑर्डर देण्यापूर्वी विचारून घेतले, की पुढचे जेवण निःशंक मनाने होते.