दहातले दीड

अकोल्यातल्या एका दुकानात पानपिंपळीच्या पुडीवर ‘लिव्हरसाठी’ असं छापलेलं दिसलं. ही पिंपळी येते कुठून, ते बघायला अंजनगाव सुर्जी गाठलं. अंजनगाव, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांच्या जोडीने हे पीक जपलं आहे.

मळ्याच्या सावलीत एक काकू वाकून हिरवीकाळी, निमुळती कणसं खुडत होत्या. "पिकू देल्लं तं तिखटपन जाते, बाई." एक कणीस त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. चावलं, तर जीभ बधिर झाली आणि तोंडाला पाणी सुटलं. खुडलेला माल चार-पाच दिवस उन्हात वाळतो. त्या वाळवणाचा नाकात चढणारा उग्र वास घरी आल्यावरही ओढणीला होता. "दहा किलो ओल्यातले दीड हातात येतात," काकू म्हणाल्या. दहातले दीड!

या तिखटपणाचं नाव पायपरिन. ते यकृताला वाचवतं का, हे बघायला प्रयोगात यकृताला इजा करणारं विष देतात: कार्बन टेट्राक्लोराइड. ते शरीरात गेलं की यकृताचीच विकरं ते फोडतात. त्यातून निघालेले जहाल कण पेशींची आवरणं जाळतात आणि आतलं जीपीटी हे विकर रक्तात झिरपतं. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कौल आणि कपिल यांच्या प्रयोगात पायपरिन दिलेल्या उंदरांमध्ये ही गळती कमी झाली, पेशींची ढाल असलेलं ग्लुटाथायोन टिकून राहिलं. मात्र सिलिमरिनपेक्षा, म्हणजे मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतल्या द्रव्यापेक्षा, त्याचा प्रभाव कमीच पडला.

हे पुडीवर नव्हतं. प्रयोगात विष कोणतं आणि किती, हे ठाऊक असतं. आपल्या काविळीमागे विषाणू, दारू, पित्ताचा खडा, काहीही असू शकतं. उंदरांवरच्या निष्कर्षातलं माणसापर्यंत किती पोचतं? काकूंचा हिशेब आठवतो. इथे तर दीडाचीही हमी नाही. शिवाय पायपरिन औषधं पचवणाऱ्या विकरांनाच अडवतं. फिट्सवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढल्याचं नोंदलेलं आहे.

काकूंच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, त्या पुडीवरच्या शब्दाबद्दल नाही. स्वयंपाकातल्या चिमूटभर पिंपळीचं मी बोलत नाही. पण डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासा, आणि चूर्ण घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा.