राजीनाम्याविना तकरीर

सध्या समाजमाध्यमांवर खुलाशांचा जो हंगाम भरात आला आहे, त्याचे मथळे वाचकांना तोंडपाठ असतील. कोण काय बोलले आणि कोणी कोणता फोटो पुरावा म्हणून चिकटवला, हे येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न एवढाच, की आळ आला असता उत्तर द्यावेसे वाटणे ही इतकी स्वाभाविक ऊर्मी असूनही तिचे फळ बहुधा विपरीत का निघते?

पेशवाईतील न्यायाची रीत पाहिली म्हणजे याचा उलगडा होतो, असे मला वाटते. तंटा पंचांपुढे गेला म्हणजे वादी व प्रतिवादी या दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत. (तेव्हाचा राजीनामा म्हणजे पद सोडणे नव्हे, पंच ठरवतील ते आम्हांस मान्य, असा तो करार.) मग जामीन, दोघांच्या तकरिरा (म्हणजे आपापल्या बाजूची निवेदने), साक्षीपुरावा, आणि शेवटी निवाडपत्र. स्वतःची बाजू मांडण्याला अर्थ होता तो या क्रमामुळे. ऐकणाऱ्यास निर्णयाचा अधिकार होता आणि तो निर्णय उभय पक्षांनी आगाऊ मान्य केलेला होता. आमच्या हातांतील चकचकीत पाटीवर मात्र तकरीर तेवढी उरली. राजीनामा कोणी लिहून देत नाही, निवाडपत्र कोणी काढत नाही, आणि प्रत्येक उत्तरासरशी मूळ आळ आणखी चारजणांच्या नजरेस पडावा, अशीच त्या यंत्राची तजवीज असते. २००३ साली बार्ब्रा स्ट्रायसंड या अमेरिकन गायिकेने आपल्या घराचे छायाचित्र आंतरजालावरून हटवावे म्हणून ५ कोटी डॉलरांचा दावा लावला. तोवर ते अवघे ६ वेळा उतरवून घेतले गेले होते, त्यांतील दोनदा तिच्याच वकिलांकडून. बातमी फुटल्यावर महिन्याभरात ४ लाखांहून अधिक जणांनी त्या संकेतस्थळाला भेट दिली.

परंतु न्यायासन खरेखुरे असले तरी ही ऊर्मी किती महाग पडते, ते टिळकांच्या चरित्रात पाहावे. व्हॅलेंटाइन चिरोलच्या ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या पुस्तकातील आरोपांविरुद्ध त्यांनी बेअब्रूची फिर्याद केली, तीपायी १९१८ मध्ये विलायत गाठली, आणि त्याच वर्षीच्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद, निवड झालेली असतानाही, सोडले. फेब्रुवारी १९१९ मध्ये लंडनच्या ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध कौल दिला. खर्च लाखांच्या घरात गेला व लोकांना वर्गणी करावी लागली. त्या मुक्कामात स्वराज्याचा प्रचारही झाला, हे खरे. पण फिर्याद बुडाली ती बुडालीच.

आरोप नोकरीवर किंवा जिवावर बेतत असेल, तर मुकाट्याने पोलिसांत वा कोर्टात जावे. तेथे निदान निवाडा तरी मिळतो. एरवी, रात्री अकरा वाजता आवेशाने लिहिलेला खुलासा न धाडता निजावे, हे उत्तम.

टिळकांना ‘असंतोषाचे जनक’ म्हटले तेही चिरोलनेच, आणि दूषण म्हणून. दर १ ऑगस्टला शाळाशाळांतून मुले तेच शब्द बिरुद म्हणून भाषणात घोकतात.