रविवारी रात्री, की सोमवारी पहाटे?

गेल्या उन्हाळ्यात जळगावला घरचं लग्न होतं. उधन्याहून रेल्वेची तिकिटं पुतण्याने काढली. तिकिटावर तारीख रविवारची, वेळ ००:२०. काकूंनी सगळ्या घराला सांगून ठेवलं, "रविवारी रात्री बाराची गाडी आहे, जेवून निघू." रविवारी रात्री अकराला आम्ही बॅगा घेऊन स्टेशनवर पोहोचलो, तेव्हा आमची गाडी जाऊन जवळजवळ एक दिवस झाला होता. तिकीट बरोबर होतं, आम्ही वाचलं चुकीचं. शेवटी भाड्याची मोटार करून रात्रभर प्रवास केला. लग्न मिळालं, पण हळद हुकली.

असं का होतं? आपल्या पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. म्हणून घरात "रविवारी रात्री एक वाजता" म्हटलं की सोमवार उजाडायच्या आधीची रात्र समजतात. इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्रीच बदलते. तिकिटावर रविवार ००:२० म्हणजे शनिवारी जेवून स्टेशनवर जायचं.

बाळाच्या जन्माचंही तेच. रात्री दोनला बाळ झालं तर आजी म्हणते रविवारी झालं, दाखल्यावर तारीख सोमवारची. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण फॉर्मवर दाखल्याचीच तारीख लिहायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हा दाखला हातात पडताच तारीख नीट वाचून घ्या.

आता बारा वाजण्याचा घोळ. एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पीएम म्हणजे मध्यान्हानंतर. रूढ पद्धतीत १२ पीएम म्हणजे दुपारचे बारा आणि १२ एएम म्हणजे रात्रीचे बारा, पण अनेकजण उलट समजतात. आमंत्रणात दुपारसाठी '१२ नून' लिहा. फॉर्मची शेवटची मुदत कळवताना '११:५९ पीएम' लिहिलं की कुणाचा दिवस चुकत नाही. आणि '५ पीएम इन द इव्हिनिंग' लिहू नका, संध्याकाळ पीएममध्ये आलीच.

तोंडी वेळ सांगताना घाबरायचं कारण नाही, आपला हिशेब इंग्रजीशी जुळतो. सव्वापाच म्हणजे क्वॉर्टर पास्ट फाइव्ह, साडेपाच म्हणजे हाफ पास्ट फाइव्ह, पावणेसहा म्हणजे क्वॉर्टर टू सिक्स. फक्त दीड आणि अडीच लक्षात ठेवा: हाफ पास्ट वन, हाफ पास्ट टू.

वाक्यात तारीख-वेळ घालताना तीन शब्द पुरतात. महिना किंवा वर्ष असेल तर 'इन', वार किंवा तारीख असेल तर 'ऑन', घड्याळाची वेळ असेल तर 'ॲट'. इन जून, ऑन संडे, ऑन ५ जून, ॲट ५:३० पीएम. महिन्याचं आणि वाराचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल. बोलताना 'फिफ्थ ऑफ जून' म्हणतात, लिहिताना नुसतं '५ जून' चालतं.

खरी अडचण येते सगळी तारीख आकड्यांत लिहिली की. ५/६/२०२५ ही आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये ५ जून, पण अमेरिकेत ६ मे, कारण तिथे महिना आधी लिहितात. तारीख १२ च्या पुढची असेल तर चूक लगेच दिसते, कारण पंचविसावा महिना नसतोच. पहिल्या बारा तारखांना मात्र चूक लपून राहते. १/१, २/२ अशा सारख्या जोड्या सोडल्या तरी वर्षातल्या १३२ तारखा दोन्ही तऱ्हेने वाचता येतात. बहीण-भाऊ परदेशात असतील, तिथल्या कॉलेजचा फॉर्म भरायचा असेल, तर महिना अक्षरात लिहा: ५ जून २०२५. कॉम्प्युटरवरच्या फायलींना नाव देताना २०२५-०६-०५ असं आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. ही आयएसओ ८६०१ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आणि फायली आपोआप तारखेनुसार लागतात.

आपल्या घरांत आणखी एक जागा जपायची आहे. आजी-आजोबांचे दाखले महाराष्ट्रातल्या शाळांचे, आकडे मराठी. मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. मराठी न येणाऱ्याने तो आकडा पाहून फॉर्म भरला तर वय आठ वर्षांनीही बदलू शकतं. शिवाय अनेकांची जन्मतारीख १ जून असते. घरी तारीख माहीत नव्हती, तेव्हा नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. ती खरी नसली तरी कागदोपत्री तीच. मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आकड्यांखाली जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली असते. आकड्याबद्दल शंका आली तर ती ओळ वाचा.

या रविवारी बमरोलीतल्या घरी सगळे असाल, तेव्हा आजोबांचा दाखला, आधार आणि पॅन कार्ड शेजारी ठेवून तिन्हींवरची तारीख एकच आहे ना, एवढं पाहा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्ती करायला द्या. पेन्शनच्या किंवा विम्याच्या कामात तो निघाला, तर धावपळ आजोबांना करावी लागते.