वळिवड्याचं पोलिश गाव

आमचं राजूर वणी तालुक्यातलं, कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं. परप्रांतातली मुलं गावात येतात, चार महिन्यांत वऱ्हाडी बोलू लागतात. पण ती आईबापांचं बोट धरून आलेली असतात. १९४३ साली कोल्हापूरशेजारी वळिवड्याला उतरलेल्या कित्येक मुलांना धरायला बोटच उरलं नव्हतं.

ही मुलं पूर्व पोलंडची. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत फौजा त्यांच्या देशात घुसल्या. १० फेब्रुवारी १९४० ला, कडाक्याच्या थंडीत, सोव्हिएत पोलिसांनी घराघरांतून माणसं उठवली आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे, उत्तरेच्या जंगलांकडे धाडली. पुढे कझाकस्तानातही. तिथे काम करील त्यालाच पुरेशी भाकर, असा हिशेब. लहान मुलांच्या वाट्याला काय येणार? १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा कुठे या कैद्यांची सुटका झाली. दक्षिणेकडच्या वाटेवर टायफसने आणि उपासमारीने माणसं पडली. आपल्यापाशी राहिलं तर मूल जगणार नाही, हे दिसल्यावर काही आयांनी ते स्वतः अनाथालयात नेऊन सोडलं. त्या आयांचा विचार मनातून जात नाही.

१९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून हे लोक इराणला पोचले. त्यांतले काही कराचीमार्गे आपल्याकडे आले. त्याआधीच काही अनाथ मुलं मुंबईला वांद्र्यात आणली होती. त्यांना नवानगर संस्थानच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी आपल्या राज्यात बालाचडीला घर दिलं. मुलं त्यांना बापू म्हणत. मुंबईतल्या पोलिश वकिलातीच्या प्रमुखांची पत्नी किरा बानासिन्स्का या मदतकार्यात अखंड राबल्या आणि युद्धानंतरही भारतातच राहिल्या.

वळिवड्याची छावणी मात्र नुसता निवारा नव्हती. पंचगंगेच्या खोऱ्यात कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि सुमारे पाच हजार माणसांचं एक पोलिश गाव वसलं. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवरचे छत्रपती स्वतःच तान्हे होते. कारभार राजप्रतिनिधींकडे होता. खर्चाचा भार लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने उचलला. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथकं, अनाथ मुलांसाठी वेगळं वसतिगृह, सारं काही होतं. आजारी मुलांना हवापालटासाठी पाचगणीला धाडत.

मला या साऱ्यात शाळेची घंटा सगळ्यांत मोलाची वाटते. भुकेने पोळलेली मुलं पोट भरल्यावरही पावाचा तुकडा उशीखाली दडवून ठेवत, असं त्यांतल्या अनेकांनी मोठेपणी आठवणींत लिहिलं आहे. अशा मुलाला नुसतं गोंजारून भागत नाही. उद्याही जेवण मिळेल, उद्याही घंटा होईल, हजेरीत आपलं नाव पुकारलं जाईल, हे त्याला रोज, न चुकता दिसावं लागतं. वळिवड्याने ते पाच वर्षं दाखवलं, तेही मुलांच्या मायबोलीत. बोली, प्रार्थना, सणवार यांतलं काहीही त्यांना टाकावं लागलं नाही. शेजारच्या कोल्हापूरकरांशी ओळखी झाल्या, काही मराठी शब्द तोंडी बसले. एखाददुसरी पोलिश मुलगी तर इथलीच सून झाली.

बालाचडीची छावणी १९४६ मध्ये उठली, तेव्हा तिथली मुलंही वळिवड्याला आली. पण युद्ध संपूनही बहुतेकांना परतायला घर नव्हतं. त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आफ्रिकेला, काही पोलंडला. विलायतेत स्थिरावलेल्यांनी पुढे ‘भारतातले पोल’ म्हणून आपली संघटना बांधली आणि म्हातारपणी ती मुलं कोल्हापूरला येऊन गेली. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

बराकी फार दिवस ओस राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेली कुटुंबं त्यांत राहायला आली. त्या वस्तीला आज गांधीनगर म्हणतात; कापडाच्या बाजारासाठी लोक लांबून तिथे जातात.